थकवा हटत नाही, मन लागत नाही? गोळी मागण्याआधी हे वाचा

"अंगात कसच नाही, ताकदीची एखादी गोळी द्या," असं आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर रोज कुणी ना कुणी म्हणतं. थकवा दोन-तीन आठवडे हटला नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ तपासून घ्या. कारण न कळता टॉनिकच्या बाटल्या रिचवण्यात आम्हाला तरी अर्थ दिसत नाही.

लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा दोन तासांनी. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-नाष्टा अर्ध्या-एक तासाने आणि लोह, कॅल्शियम चार तासांनी. साखरेसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी पडू शकतं. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच असते. ती रोज घेत राहिल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आपल्या भागात एक डॉक्टर बेळगावचे, दुसरे कोल्हापूर किंवा मिरजेचे, असं बऱ्याच घरांत असतं. दोन चिठ्ठ्यांवर नावं वेगळी आणि औषध एकच, असं होऊ शकतं. थायरॉइडच्या थायरोनॉर्म आणि एल्ट्रॉक्सिन या गोळ्या, दोन्हींत लेव्होथायरॉक्सिन हेच औषध आहे. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिकसुद्धा. अश्वगंधा थायरॉइडच्या किंवा झोपेच्या औषधाबरोबर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मनाच्या औषधांबद्दल लोक आवाज खाली करून विचारतात. यात लाजण्यासारखं काही नाही. नाव उच्चारायचं नसेल तर नुसती पट्टी दाखवा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन अशा गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही, मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही त्या देत नाही. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, झोप बिघडते. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. "चार दिवस घेतल्या, फरक नाही" म्हणून सोडू नका. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका, चक्कर येते, जीव घाबराघुबरा होतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

औषध सुरू केल्यावर बेचैनी वाढली तर लगेच डॉक्टरांना कळवा. जीव नकोसा वाटू लागला तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा, दवाखाना गाठा किंवा १४४१६ वर फोन करा. ही सरकारी टेली-मानस सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठी, कन्नड दोन्हींत बोलता येतं.