पार्श्वभूमी: लॉस एंजेलिस काउंटीतला ‘पॅरामेडिक’ नेमका कोण?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातल्या लॉस एंजेलिस काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) बातमी मराठीत येते, तेव्हा ‘पॅरामेडिक’चा सर्रास ‘पॅरामेडिकल कर्मचारी’ होतो आणि अर्थ तिथेच निसटतो. आपल्याकडे पॅरामेडिकल म्हणजे लॅब टेक्निशियन, एक्स-रे काढणारे, डायलिसिसचं यंत्र सांभाळणारे. तिथला पॅरामेडिक म्हणजे डॉक्टर शेजारी नसताना, रस्त्यावर किंवा कुणाच्या स्वयंपाकघरात, शिरेतून औषध देण्याचा आणि नुसतं थरथरत राहिलेल्या हृदयाला शॉक देण्याचा कायदेशीर अधिकार असलेला माणूस. सगळा इतिहास या अधिकाराभोवतीच फिरतो.

त्याआधीचं थोडक्यात. १९६६ च्या एका राष्ट्रीय अहवालानुसार अमेरिकेतल्या सुमारे निम्म्या रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे चालवत होते, कारण माणूस आडवा मावेल अशी गाडी गावात त्यांच्याकडेच असायची. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये हृदयरोगाच्या डॉक्टरांनी शॉकचं यंत्र रुग्णवाहिकेत चढवलं. हृदयविकाराचे बरेच रुग्ण पहिल्या तासाभरातच, रुग्णालय गाठण्याआधी दगावतात, हे त्यामागचं कारण. पण त्या गाडीत डॉक्टर असायचा.

लॉस एंजेलिसमध्ये १९६९ साली काउंटीच्या एका रुग्णालयात अग्निशमन दलाच्या जवानांना हेच शिकवायला सुरुवात झाली. जवान शिकून तयार झाले, पण कायदा आडवा आला. शॉक आणि इंजेक्शन हे डॉक्टर-नर्सचं काम. त्यामुळे सोबत नर्स असेल तरच या जवानांनी शिकलेली विद्या वापरायची, असं ठरलं. या अटीच्या बाजूने बोलणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. चुकीचं औषध माणसाला मारू शकतं. तरीही ती अट मला अन्यायाची वाटते. नर्स रुग्णालयातली, जवानांची गाडी ठाण्यावरची आणि रुग्ण तिसरीकडेच. ज्याच्या हाताला काम येतं त्याने यंत्र हातात धरून परवानगीवाल्या व्यक्तीची वाट बघायची, आणि हे सगळं मिनिटं मोजून चाललेल्या आजारात!

१४ जुलै १९७० रोजी राज्यपालांनी कायद्यावर सही केली आणि नर्सने गाडीत बसायची अट गेली. देखरेख मात्र गेली नाही, ती रेडिओवर आली. पॅरामेडिक घटनास्थळावरून ठरलेल्या रुग्णालयाशी बोलणार आणि पलीकडून डॉक्टर किंवा खास प्रशिक्षित नर्स सूचना देणार. ही रचना आजही टिकून आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एका टीव्ही मालिकेने हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोचवला.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू करताना वेगळी वाट धरली. ९३७ गाड्या आणि गाडीत डॉक्टर. म्हणजे जो प्रश्न तिथे कायदा बदलून सोडवला, तो इथे डॉक्टर बसवून. ‘पॅरामेडिक’ला मराठीत नेमका अर्थ चिकटला नाही, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

काउंटीतलं रोजचं काम आजही मालिकेतल्यासारखं नसतं. पाळी बदलताना औषधांच्या पेट्या तपासायच्या, गुंगीची औषधं मोजून सही करायची. काउंटीच्या बऱ्याच भागांत उपचार करणारे अग्निशमन दलाचे आणि रुग्णाला नेणारी रुग्णवाहिका खासगी कंपनीची, अशी विभागणी आहे. रुग्ण गंभीर असेल तर पॅरामेडिक त्या गाडीत चढतो.

जानेवारी २०२१ मध्ये कोविडने रुग्णालयं भरली, तेव्हा काउंटीने दोन कठोर आदेश काढले. प्राणवायूची पातळी ९० टक्क्यांच्या खाली गेली तरच ऑक्सिजन द्यायचा. आणि हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाची नाडी जागेवर परत आली नाही तर त्याला रुग्णालयात न्यायचं नाही. हे सांगायची वेळ नातेवाइकांसमोर पॅरामेडिकवरच यायची.

त्यानंतरचं दुखणं रुग्णालयाच्या दारातलं आहे. खाट रिकामी नाही म्हणून रुग्ण स्ट्रेचरवर, कर्मचारी भिंतीला टेकून उभे आणि पुढचा कॉल खोळंबलेला. राज्याने २०२३ मध्ये कायदा करून, ९० टक्के वेळा रुग्ण ३० मिनिटांच्या आत ताब्यात घेतला गेला पाहिजे, अशी मर्यादा रुग्णालयांना घातली.