सक्रिय कोळसा : घरच्या औषधांच्या डब्यात

विषारी पदार्थ पोटात गेला तर हाताशी असावा म्हणून सक्रिय कोळशाची पूड, तयार द्रव किंवा गोळ्या घरात ठेवण्याची प्रथा. औषधांच्या दुकानात हा पदार्थ ॲक्टिव्हेटेड चारकोल किंवा नुसता चारकोल या नावाने मिळतो. फिनलंड व स्वीडनमध्ये लहान मुले असलेल्या घरांनी तो ठेवावा असे तेथील विषमाहिती केंद्रेच, म्हणजे विषबाधेबाबत फोनवर सल्ला देणारी केंद्रेच, सांगतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र तशी शिफारस करण्याचे टाळले. आपल्याकडे तो घरात येतो तो बहुधा पोटातल्या गॅसवरच्या काळ्या गोळ्यांच्या रूपाने. त्या गोळ्यांनाच विषावरचा उतारा समजण्याची चूक सहज होते, आणि ती महागात पडणारी आहे.

शेगडीतला लोणारी कोळसा म्हणजे सक्रिय कोळसा नव्हे. करवंटी, लाकूड, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) किंवा दगडी कोळसा प्रथम हवा लागू न देता तापवतात, मग सुमारे ८०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमानाला त्यावर वाफ सोडतात. वाफ कार्बनचा काही भाग खाऊन टाकते आणि उरलेल्या कणांत अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते. औषधी प्रतीच्या एका ग्रॅम पुडीतील या छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे चिमूटभर पुडीत दहा गुंठे रान घडी घालून ठेवलेले असते. विषाचे रेणू या भिंतींना चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. चिकटलेला रेणू आतड्यातून रक्तात न उतरता कोळशाबरोबर शौचावाटे निघून जातो. कोळसा स्वतः पचत नाही आणि रक्तातही जात नाही. त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही यातच आहेत : विष अन्नमार्गात असेपर्यंतच तो उपयोगी. फेनोबार्बिटल, कार्बामाझेपिन, डॅप्सोन, थिओफिलिन, क्विनीन अशी काही मोजकी औषधे रक्तातून पुन्हा आतड्यात झिरपतात; तेथे रुग्णालयात कोळशाच्या मात्रा पुनःपुन्हा देऊन ती बाहेर ओढता येतात.

कोळसा वायू धरून ठेवतो हे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात दाखवले. सेंट पीटर्सबर्गच्या टोबियास लोवित्सने १७८५ साली कोळशाने द्रावणांचा रंग जातो हे पाहिले आणि पुढे साखर कारखान्यांत त्याचा वापर सुरू झाला. विषावरचा प्रयोग फ्रान्समध्ये झाला, तोही स्वतःच्या देहावर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्त्राँ याने सोमलाचे विष कोळशाबरोबर घेतले. त्यानंतर तुएरी या औषधनिर्मात्याने प्राणघातक मात्रेच्या अनेक पट स्ट्रिकनीन कोळशात मिसळून वैद्यक अकादमीच्या सभासदांसमोर गिळले आणि तो जिवंत राहिला. स्ट्रिकनीन म्हणजे कोकणात काजरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या बियांतले विष. हे धाडस होते, पण प्रयोगाची मांडणी कोळशाला सर्वस्वी अनुकूल होती. विष आणि उतारा एकाच घोटात गेले होते. घरातल्या अपघातात असे कधीच होत नाही. मूल काहीतरी गिळते, ते अर्ध्या तासाने कोणाच्या तरी लक्षात येते, मग धावपळ सुरू होते.

आधुनिक सक्रिय कोळशाची कारखानदारी विसाव्या शतकाच्या आरंभी ओस्ट्रेइको या रसायनशास्त्रज्ञाच्या पेटंटांपासून सुरू झाली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंमुळे तिला वेग आला. रशियात निकोलाय झेलिन्स्कीने १९१५ साली विषारी वायू कोळशात अडवणारा मुखवटा तयार केला, तर अमेरिकेत १९१८ मध्ये मुखवट्यांच्या कोळशासाठी नागरिकांकडून पीचच्या आठळ्या आणि कवचीफळांची टरफले गोळा करण्यात आली. घरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील काळी कांडी याच कुळातली.

प्रौढाला कोळशाची एक मात्रा साधारण ५० ग्रॅम द्यावी लागते, मुलाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक ग्रॅम. दुकानातील बहुतेक गोळ्यांत अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास कोळसा असतो. त्या हिशेबाने प्रौढासाठी दोनशे गोळ्या आणि बारा किलोच्या मुलासाठी अठ्ठेचाळीस गोळ्या लागतील. दहा गोळ्यांची एक पट्टी धरली तर घरात वीस पट्ट्या हव्यात, आणि दाबून बनवलेल्या गोळीचा कोळसा मोकळ्या पुडीइतका कामाचाही नसतो. पाचक म्हणून मिळणाऱ्या काळ्या गोळ्यांत तर कोळशासोबत विकरेही असतात आणि कोळशाचे प्रमाण आणखी कमी. विषबाधेसाठी लागते ती पूड किंवा तयार द्रव.

पूड कालवणे हेही सोपे काम नाही. ५० ग्रॅम पूड चहाचा पेला सहज भरते. डबा उघडताच ती धुरासारखी उडते, पाण्यावर तरंगत राहते, ढवळत राहावे तेव्हा कुठे काळा दाट राडा तयार होतो. त्याला चव नसते, वासही नसतो, पण दातांत बारीक रेतीसारखे कचकचते. ओठ, जीभ, हात, कपडे, फरशीच्या सांधी सगळे काळे होते. घाबरलेले दोन वर्षांचे मूल असला पेला तोंडाला लावत नाही, लावला तर थुंकते, बळजबरी केली तर ओकते. म्हणून अनुभवी परिचारिका तो झाकणाच्या अपारदर्शक पेल्यातून नळीने देतात.

वेळेचा हिशेब त्याहून कठोर आहे. निरोगी स्वयंसेवकांवरील चाचण्या एकत्र पाहिल्या तर औषध घेतल्यावर अर्ध्या तासाने कोळसा दिल्यास त्या औषधाचे रक्तात जाणे सरासरी ४७ टक्क्यांनी घटते, तासाने ४० टक्क्यांनी, दोन तासांनी सुमारे १६ टक्क्यांनी. अमेरिकन व युरोपीय विषविज्ञान संघटनांनी २००५ च्या संयुक्त निवेदनात म्हटले, की कोळसा सरसकट देऊ नये. धोकादायक मात्रा पोटात जाऊन तास उलटला नसेल तर विचार करावा.

घरी कोळसा ठेवण्याच्या बाजूचा खरा युक्तिवाद याच हिशेबातून येतो. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील विषमाहिती केंद्राच्या एका अभ्यासात घरी दिलेला कोळसा विष गेल्यापासून सरासरी ३८ मिनिटांत पोटात पोचला, रुग्णालयात दिलेला ७३ मिनिटांत. हा फरक लहान नाही. तरीही अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००३ साली घरी कोळसा ठेवण्याची शिफारस करणे घाईचे ठरेल असे सांगितले. तेथे आधीचा एक अनुभव ताजा होता. ओकारी आणणारे इपेकॅकचे सरबत १९६५ पासून विनाचिठ्ठी मिळत होते आणि घरोघरी ठेवले जात होते. अनेक वर्षांनी त्याने जीव वाचत असल्याचा पुरावा नाही हे मान्य करून याच संघटनेने ते घरी नेमाने वापरू नये असे सांगितले. फिनलंड-स्वीडनमध्ये शिफारस उलटी दिसते, पण तिच्यामागे एक अट आहे : आधी विषमाहिती केंद्राला फोन, मग कोळसा. डबा घरात आणि निर्णय तज्ज्ञाचा. ही अट काढून घेतली तर ती शिफारसच उरत नाही.

कारण कोळशाला सगळी विषे धरता येत नाहीत, आणि आपल्या घरांत नेहमी आढळणारी बरीचशी विषे याच न धरता येणाऱ्यांत मोडतात. शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल मुलाने पाणी समजून पिणे हा जुना अपघात. रॉकेलचा मोठा धोका फुफ्फुसांना असतो. कोळसा पाजल्याने ओकारी झाली तर तेच रॉकेल श्वासनलिकेत उतरते. संडास साफ करायचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा अन्ननलिका जाळतात; कोळसा त्यांना धरत नाही, उलट दुर्बिणीतून जखम पाहणाऱ्या डॉक्टरांसमोर काळा पडदा उभा करतो. गरोदरपणात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या गोड आवरणामुळे मुले मूठभर खातात, आणि लोह कोळशाला चिकटत नाही. लिथियम, पोटॅशियम, शिसे यांचीही तीच गत. मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. त्यातील मिथेनॉलही कोळशाच्या हाती लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व मजूर दगावले, तेव्हा विष मुख्यतः कातडीतून आणि श्वासातून गेले होते. तेथे पहिला उपचार म्हणजे भिजलेले कपडे उतरवून साबणपाण्याने अंग धुणे. सर्पदंश व विंचूदंशात तर पोटाचा संबंधच नाही. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. कोळसा तेथे काहीही करू शकत नाही.

आपल्या अंगणातल्या एका विषाबाबत मात्र कोळशाचा नीट अभ्यास झाला आहे. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, गुळगुळीत कोनेदार फळे मुले खेळायला घेतात. तिच्या बीमधले विष हृदयाची लय बिघडवते. श्रीलंकेत आत्महत्येच्या प्रयत्नांत ही बी मोठ्या प्रमाणावर खाल्ली जाते. अनुराधपूर येथील ४०१ रुग्णांच्या चाचणीत पुनःपुन्हा कोळसा दिलेल्या गटात २.५ टक्के, तर एकच मात्रा दिलेल्या गटात ८ टक्के रुग्ण दगावले. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला आणि आशा वाढली. पाच वर्षांनी बिट्टी आणि कीटकनाशके घेतलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण कोळसा न देता ६.८ टक्के, एका मात्रेने ७.१ टक्के आणि अनेक मात्रांनी ६.३ टक्के आले. म्हणजे ठळक फरक आढळला नाही. रुग्ण खेड्यांतून तासन्‌तास प्रवास करून आले होते, हे हे आकडे वाचताना विसरता येत नाही.

कोळशाचा सर्वांत गंभीर धोका तो फुफ्फुसात जाण्याचा. गुंगीत असलेल्या, झटके येत असलेल्या किंवा नीट गिळू न शकणाऱ्या माणसाच्या तोंडात तो ओतला तर श्वासमार्ग बंद पडू शकतो. अशा व्यक्तीला घरी काहीही पाजू नये, कुशीवर झोपवावे. पुनःपुन्हा दिलेल्या कोळशाने आतड्यात अडथळा येऊ शकतो. जळका पाव, कडक चहा आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया यांचे जुने ‘सर्वविषहर’ मिश्रण पाश्चात्य पुस्तकांतून फिरत असे, पण करपलेल्या पावात सक्रिय कोळशाचे गुण नसतात. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याची आपल्याकडची रीत तर त्याहून घातक आहे. त्याने रक्तातील सोडियम वाढून मूल दगावू शकते.

पोटफुगीवर कोळशाला थोडा आधार आहे. जेवणापूर्वी किमान अर्धा तास एक ग्रॅम आणि जेवणानंतर एक ग्रॅम घेतल्यास वायूचा त्रास कमी होतो, हा दावा युरोपीय संघाने मान्य केला आहे. दारूची धुंदी उतरवणे किंवा ‘शरीरशुद्धी’ यांना आधार नाही. जुलाबात पहिला उपाय ओआरएस हाच. काळ्या टूथपेस्टने दात पांढरे होतात याला पुरेसा पुरावा नाही, आणि राखुंडीने दात घासलेल्या पिढीला दाताची झीज ठाऊक आहे. रोजच्या वापरातला खरा प्रश्न वेगळा आहे. कोळसा विष आणि औषध असा भेद करत नाही. गर्भनिरोधक गोळी, अपस्माराची किंवा हृदयाची गोळी घेणाऱ्याने मध्येच काळी गोळी घेतली तर मूळ औषधच वाया जाऊ शकते. शौच काळी होते. ती निरुपद्रवी असते, पण पोटातल्या रक्तस्रावानेही शौच काळी होत असल्याने डॉक्टरांना कोळशाचे सांगावे.

घरी ठेवायचाच तर औषधी प्रतीची पूड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण उघडा कोळसा हवेतला ओलावा आणि वास धरत राहतो. डब्यावर दूरध्वनी क्रमांक चिकटवावेत : रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७. फोनवर होकार मिळाल्याशिवाय झाकण उघडू नये. पूड शोधण्यात, कालवण्यात, पाजण्यात गाडी खोळंबत असेल तर पूड तशीच सोडून निघावे. निघताना विषाची बाटली, रिकामी पाकिटे किंवा खाल्लेली बी सोबत घ्यावी. कोळसा दिला असल्यास किती ग्रॅम आणि किती वाजता हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे, कारण त्यानंतर तोंडावाटे दिलेला उतारासुद्धा तोच कोळसा धरून ठेवू शकतो.