समाजमाध्यमांवरील वैयक्तिक माहिती व गोपनीयता

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांसारख्या समाजमाध्यमांवर माणूस आपले नाव, जन्मतारीख, फोटो, ठावठिकाणा आणि नातीगोती स्वतःहून मांडतो. त्यांतून त्याच्या खासगीपणाला निर्माण होणारा धोका हा या नोंदीचा विषय. सुटा तपशील बहुधा निरुपद्रवी असतो. पण चार ठिकाणचे तपशील जुळवले की माणसाची पुरती ओळख हाती येते, आणि फसवणूक करणारे नेमकी हीच जुळणी करतात.

जन्मतारीख हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी लिपीतील नावाची पहिली चार मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. बँकांची व विमा कंपन्यांची अनेक विवरणपत्रेही अशाच सूत्राने उघडतात. प्रोफाइलवरचे पूर्ण नाव आणि पन्नाशीचा केक कापतानाचा फोटो एवढ्यावर पासवर्ड तयार होतो. फाइल तेवढी हाती लागायचा अवकाश. आणि ती झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर किंवा जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडून राहिलेली असू शकते. म्हणून चालत असेल तिथे शेवटचे ४ अंकच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे.

कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही नोंद पुसली जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास ती तशीच पुढे जाते. नोंद पुसली तरी सोसायटीची पाटी, गाडीची नंबरप्लेट, मुलांच्या गणवेशावरचे शाळेचे बोधचिन्ह फोटोत दिसतेच. विमानाच्या बोर्डिंग पासवरचा बारकोड झाकला नाही, तर नाव व पीएनआर (आरक्षणाचा क्रमांक) त्यातून वाचता येतात.

स्वतः गप्प राहूनही माहिती बाहेर जाते. २०१८ साली उघडकीस आलेल्या, केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटनमधील राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात एक प्रश्नमंजूषा ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी वापरले होते. त्यांच्या मित्रयाद्यांमुळे, फेसबुकच्याच अंदाजानुसार, ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली. मित्रयादी सर्वांना खुली ठेवू नये ती यासाठीही. तिच्यावरूनच बनावट खाते काढणारा ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’ हा संदेश कोणाकोणाला धाडायचा ते ठरवतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातून, व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती वगळलेली आहे. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. सर्वांना खुल्या ठेवलेल्या पोस्टला या कायद्याचा आधार मिळत नाही.

व्हॉट्सॲपचा ६ अंकी नोंदणी कोड कोणालाही सांगू नये. सेटिंग्जमधील ‘अकाउंट’मध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावावा, मग कोड निसटला तरी पिनवाचून खाते दुसऱ्या फोनवर लगेच सुरू होत नाही. पैसे गेले असल्यास लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी ती गोठवणे सोपे असते.