पोस्टग्रेसचा बिल्ड मेसनकडे कसा वळला : पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२३मध्ये पोस्टग्रेसक्यूएल, म्हणजेच पोस्टग्रेस, या डेटाबेसची १६वी आवृत्ती आली, तिच्यात मेसन ही नवी बिल्ड यंत्रणा, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणारी यंत्रणा, होती. नुसता डेटाबेस वापरणाऱ्याला याचा पत्ताही लागला नसेल. प्रकल्पावर रोज काम करणाऱ्यांचं मात्र एक जुनं दुखणं संपत आलं होतं. हे काम मुख्यतः आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने लावून धरलं होतं.

मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते एकदा सांगून ठेवायचं, मग बदललं तेवढंच पुन्हा कंपाइल होतं, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदललं जातं. १९९१मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केलं, कारण तेव्हा युनिक्सचे अनेक अवतार होते आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ऑटोकॉन्फ तयार करतं ती कॉन्फिगर स्क्रिप्ट बारकेसारके सी प्रोग्रॅम कंपाइल करून बघते आणि त्यावरून यंत्रावर काय आहे, काय नाही ते ठरवते. पोस्टग्रेस याच जोडीवर वाढलं.

घोडं अडलं ते विंडोजवर. २००५च्या ८.० आवृत्तीपासून पोस्टग्रेस विंडोजवर थेट चालू लागलं. पुढे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसाठी पर्ल या भाषेत वेगळ्या स्क्रिप्ट आल्या. त्या चक्क मेकफाइल (मेकच्या सूचनांची फाइल) उघडून, रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) लावून त्यातली फायलींची यादी उपसायच्या आणि व्हिज्युअल स्टुडिओचे प्रोजेक्ट बनवायच्या. मेकफाइलमधली एखादी ओळ कोणी जरा वेगळ्या धाटणीने लिहिली, की लिनक्सवर सगळं सुरळीत आणि विंडोजवर बिल्ड फुटलेला. बदल करणाऱ्याकडे बऱ्याचदा विंडोज नसायचंच. इकडे ऑटोकॉन्फही सुस्तावलं होतं: २.६९ आलं २०१२मध्ये, त्यानंतरचं २.७० थेट डिसेंबर २०२०मध्ये.

फ्रॉइंड यांनी ऑक्टोबर २०२१मध्ये मेसनचा प्रस्ताव मांडला, तोही चालत्या कोडसह. युस्सी पाक्कानेन यांच्या या साधनाची पहिली आवृत्ती २०१३ची. त्याच्या भाषेत मनमानी प्रोग्रॅम लिहायला मुद्दामच वाव ठेवलेला नाही. प्रत्यक्ष कंपाइल करायचं काम ते सहसा निंजा या साधनाकडे सोपवतं, आणि निंजा मुळात क्रोमच्या अवाढव्य बिल्डसाठी जन्मलेलं. एकाच वर्णनातून लिनक्स आणि विंडोज दोन्हींचा बिल्ड निघतो, ही यातली खरी कमाई. नाझिर बिलाल यावुझ, पीटर आयझेनट्राउट यांनीही हातभार लावला आणि सप्टेंबर २०२२मध्ये कोड मुख्य शाखेत गेला.

जुनं लगेच काढून टाकलं नाही, हा मला यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. तो स्वस्त मात्र नव्हता. मेक, मेसन आणि पर्लच्या स्क्रिप्ट अशा तिन्ही गोष्टी काही काळ एकदम सांभाळाव्या लागल्या. २०२४च्या १७व्या आवृत्तीत पर्लच्या स्क्रिप्ट निघाल्या.

त्याच आवृत्तीत आयझेनट्राउट यांनी आणखी एक साफसफाई केली. बायसन आणि फ्लेक्स या साधनांनी तयार होणारा पार्सरचा (आलेली क्वेरी वाचून समजून घेणाऱ्या भागाचा) कोड आधीच बनवून टारबॉलमध्ये, म्हणजे प्रसिद्ध होणाऱ्या कोडच्या गाठोड्यात, घालायची प्रथा होती, ही साधनं जवळ नसलेल्यांची सोय म्हणून. ती बंद झाली.

टारबॉल आणि गिट (डेव्हलपरांचा कोड आणि त्यातले बदल जिथे नोंदले जातात ते) यांत फरक असला की काय होऊ शकतं, ते मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकल्पात दिसलं. ५.६.० आणि ५.६.१च्या टारबॉलमध्ये गिटमध्ये नसलेला एम-फोर (ऑटोकॉन्फ वापरतं ती भाषा) मॅक्रोचा कोड होता. कॉन्फिगर चालताना तो चाचणीच्या फायलींत दडवलेलं बॅकडोअर (चोरवाट) बिल्डमध्ये घुसवायचा. हजारो ओळींची कॉन्फिगर स्क्रिप्ट वाचतो कोण! हे पकडलं तेही फ्रॉइंड यांनीच. पोस्टग्रेसच्या वेगाची मोजणी करताना एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला ०.३ऐवजी ०.८ सेकंद लागताहेत, हे त्यांना खटकलं होतं.

ऑटोकॉन्फ आणि मेक पोस्टग्रेसमधून अजून गेलेले नाहीत. बाहेरची बरीच एक्स्टेन्शन्स (पोस्टग्रेसला जोडायचे पूरक भाग) पीजीएक्सएस या मेकवर आधारलेल्या सोयीने बनतात, त्यामुळे मेसनने बांधलेल्या पोस्टग्रेसलाही त्यांच्यासाठी मेकफाइल तयार करून द्यावी लागते. नवी सी फाइल घालणाऱ्याला तिची नोंद आजही दोन ठिकाणी करावी लागते: एकदा मेकफाइलमध्ये, एकदा मेसनच्या फाइलमध्ये.