हजार वॉट, पण हवा किती?

रात्री साडेअकराला मित्राने एक जाहिरात पाठवली. 'बेस हेड १००० वॉट, सोबत चार दहा-इंचीचं कॅब. भिंती हादरतील. टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये.' खाली त्याचा प्रश्न, "घेऊ का?"

"कॅबबद्दल काय लिहिलंय?"

"काही नाही. काळं आहे."

बेस गिटारच्या जुन्या सामानाचा व्यवहार सगळीकडे असाच चालतो. हेडचे वॉट मोठ्या अक्षरांत आणि पेटीबद्दल रंग सांगितला की झालं. फार तर चाकं आहेत की नाहीत ते. ज्यांचा या सामानाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: हेड म्हणजे नुसता ॲम्प्लिफायर, कॅब म्हणजे स्पीकर बसवलेली लाकडी पेटी, आणि दोन्ही एकातच असेल तर कॉम्बो. हेडमधून फक्त वीज बाहेर पडते. हवा हलवण्याचं काम स्पीकरचे शंकूसारखे कागदी पडदे, म्हणजे कोन, करतात, आणि त्यांच्याबद्दल जाहिरातीत चकार शब्द नसतो.

आधी वॉटचा निकाल लावू. पॉवर दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ३ डेसिबल म्हणजे 'हं, वाढला वाटतं' इतपत. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॉट. त्यामुळे ३०० वॉटचं हेड विकून ५०० वॉटचं घेणाऱ्याच्या पदरात जेमतेम सव्वादोन डेसिबल पडतात. त्यात छापलेला आकडा कसला आहे तेही बघावं लागतं. सतत मिळणारी पॉवर आणि क्षणभर मिळणारी पीक पॉवर यांत सरळ दुपटीचा फरक असतो. शिवाय पेटी विजेला किती अडवते ते ओहममध्ये मोजतात, आणि ४ ओहमला ५०० वॉट देणारं हेड ८ ओहमच्या पेटीवर तीनशेच्या आसपासच देतं. वॉटचे फुगवलेले आकडे हा जुना रोग आहे. घरगुती ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींतल्या असल्या दाव्यांना वेसण घालायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली नियम करावा लागला होता.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. इथे थोडं रेंगाळणार आहे.

पाण्यात हात हळूहळू सारला तर पाणी गुपचूप वळसा घालून हाताच्या मागे जातं. तोच हात झटक्याने मारला की लाट उठते. हवेचंही तसंच आहे. स्पीकरचा कोन किती हलला यापेक्षा त्याचा वेग किती झपाट्याने बदलला, म्हणजे त्याचं त्वरण किती, यावर दूर पोचणारा आवाजाचा दाब ठरतो. आणि मागेपुढे डोलणाऱ्या वस्तूचं त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या पटीत वाढतं, हे शाळेत लंबकाच्या धड्यात येऊन गेलेलं आहे. आता हेच उलटं वाचा. सूर एक सप्तक खाली गेला, वारंवारता निम्मी झाली, तर तेवढाच आवाज काढायला कोनाला चौपट हलावं लागतं. आणखी एक सप्तक खाली गेलात की सोळापट.

चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, ई, मोकळी वाजवली की ४१.२ हर्ट्झवर कंपते. एकच दहा-इंची स्पीकर घ्या, त्याची पेटी जमिनीवर ठेवा आणि एक मीटरवर १०० डेसिबल आवाज मागा. १६५ हर्ट्झच्या सुराला कोन मधल्या जागेपासून अर्धा मिलिमीटरही हलत नाही. ८२ हर्ट्झला दीड मिलिमीटर लागतो. ४१ हर्ट्झला सहाच्या वर! अशा स्पीकरला सुखाने हलता येतं ते एका बाजूला चार, फार तर सहा मिलिमीटर. त्यापुढे कोनाला मागून चिकटलेली तारेची कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर डोकावते आणि चुंबकाची तिच्यावरची पकड सुटते. मग हेड कितीही वॉट ओतो, त्यांची फक्त उष्णता होते. याउलट आठ दहा-इंची एकत्र लावले तर तेच ४१ हर्ट्झ काढायला प्रत्येकाला पाऊण मिलिमीटर पुरतो. 'खर्जाला पंधरा-इंचीच पाहिजे, दहा-इंचीत दम नाही' हे जे ठामपणे सांगितलं जातं, त्यात म्हणूनच तथ्य नाही. एका स्पीकरचा व्यास बाजूला ठेवा. सगळ्या कोनांचं क्षेत्रफळ आणि ते किती हलू शकतात, यांचा गुणाकार बघा.

मग पेटी कशाला? कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. पेटी नसेल तर पुढची हवा वळसा घालून मागे जाते आणि खर्ज जागच्या जागी मरतो. पेटीने मागची हवा कोंडली की ती स्प्रिंगसारखी वागते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी या स्प्रिंगचाच उपयोग करून छोट्या बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. त्यांचे भागीदार हेन्री क्लॉस यांनी पुढे केएलएच ही कंपनी काढली. त्या नावातला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन, आणि त्यांच्या नावाचा एक पोलादी नियम आहे. खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी विजेत जास्त आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. यामागचं गणित निष्ठुर आहे: कार्यक्षमता ही पेटीचं घनफळ गुणिले खालच्या मर्यादेच्या वारंवारतेचा घन, या पटीत बदलते. तेवढ्याच विजेत एक सप्तक खाली जायचं असेल तर आठपट मोठी पेटी बांधा. पेटी तेवढीच ठेवायची असेल तर आठपट वॉट घाला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे सगळं सूत्रबद्ध केलं. स्पीकरच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे जे आकडे दिसतात ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात. त्यांच्यावर नजर टाकून पुढे गेलात तरी चालेल. मी मात्र रात्र-रात्र घालवली आहे.

बहुतेक आधुनिक कॅबना समोर किंवा मागे एक भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमतं, तीच ही युक्ती. पोर्टमधली हवा वजनासारखी आणि आतली स्प्रिंगसारखी, मिळून एका ठरावीक वारंवारतेला डोलतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला. त्या वारंवारतेला मोठी गंमत होते. पोर्टमधली हवा इतक्या जोरात आतबाहेर करते की तिच्या दाबाने कोन जवळजवळ जागीच थांबतो, आणि आवाज मुख्यतः भोकातून येतो. नेमका तो सूर लागलेला असताना पोर्टसमोर हात धरा, वारा लागतो.

पण त्या वारंवारतेच्या खाली गेलात की डाव उलटतो. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबला तर आतली हवा उसळी मारते. बोट काढलं की दांडा सटकन आत जातो. अगदी तसं होतं. हवेला पोर्टमधून निवांत आतबाहेर करता येतं, स्प्रिंग नाहीशी होते. कोन पुढे येतो तेव्हा पोर्ट हवा आत ओढतं, त्यामुळे आवाज शून्याकडे जातो, आणि बिचारा कोन मात्र वाट्टेल तसा फडफडतो. माझा पहिला पोर्टवाला कॉम्बो मी असाच घालवला. पाच तारांचा बेस नवा नवा घेतला होता, त्याची खालची बी जवळजवळ ३१ हर्ट्झची. ती ऐकू येईना म्हणून बेसचा नॉब डावीकडून पार उजवीकडे नेला. ऐकू तरीही आली नाही. कोन मात्र डोळ्यांना धूसर दिसायला लागला, मग फाटक्या कागदासारखी फरफर, आणि मग काहीच नाही.

आता प्रश्न असा की बेसवाल्यांचं आराध्यदैवत याच हिशेबात कसं बसतं? ॲम्पेग कंपनीचं एसव्हीटी १९६९ साली आलं. ट्यूबवर चालणारं ३०० वॉटचं हेड आणि आठ दहा-इंचीच्या बंद पेट्या. या पेटीच्या पुढच्या काळातल्या माहितीपत्रकात कंपनीने स्वतःच छापलंय की ५८ हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने उतरतो आणि ४० हर्ट्झला १० डेसिबलने. म्हणजे मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ही पेटी धडपणे काढतच नाही! तरीही त्या पेटीसमोर उभं राहिलं की ई छातीत लागते.

याचं उत्तर लाकडात सापडत नाही, ते आपल्या डोक्यात आहे. तार एकाच सुरात कंपत नाही. ४१ बरोबर ८२, १२४, १६५ असे उपस्वरही वाजतात, आणि बेसच्या पिकअपमधून, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून, मूळ सुरापेक्षा ८२चा उपस्वर बऱ्याचदा जोरकस येतो. या उपस्वरांमधलं अंतर ४१ हर्ट्झचंच असतं. मेंदू तेवढ्यावरून मूळ सूर ओळखतो, तो कानावर पडला नाही तरी. जुन्या टेलिफोनच्या लाइनवर ३०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काही जात नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झचा. तरी फोनवर वडिलांचा आवाज बाईसारखा कधी वाटला नाही. झेबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये भोकं पाडलेली चकती फिरवून केलेल्या सायरनवर हे दाखवलं होतं. ओहम, हो तोच ओहमवाला, त्यावरून त्याच्याशी बराच भांडला.

आता एक बुवाबाजी. ४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. त्यावरून सांगतात की 'लाट पूर्ण उलगडायला आठ मीटर जागा लागते, म्हणून बेस जवळून ऐकू येत नाही.' असं असतं तर इअरफोनमधून, कानाच्या पडद्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवरून, खर्ज ऐकूच आला नसता. स्टेजवर जागा बदलली की बेस कमीजास्त होतो हे खरं. ते भिंतींवरून परतणाऱ्या लाटांमुळे. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या स्पीकर केबलचाही असाच बोलबाला. केबलमध्ये फरक पडतो तो एकच: गिटारची बारीक तारेची केबल हेड आणि कॅबच्या मध्ये लावू नका, ती तापते. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून विकत घेताना बघून घ्या.

रविवारी मित्राबरोबर माल बघायला गेलो. विकणारा माणूस सज्जन होता. त्याने हेड लावून दाखवलं. व्यवस्थित होतं, हल्लीच्या क्लास-डी प्रकारचं, एका हाताने उचलता येईल असं. मित्र खूश. बारीक तारा खणखणीत वाजत होत्या. ई मात्र पोकळ, जणू शेजारच्या खोलीतून येत असल्यासारखी. मित्राने लगेच बेसचा नॉब वाढवला.

मी हेड बंद करून जाळी काढायला लावली. प्रत्येक कोनावर दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीभोवती सारखी टेकवून हळूच दाबलं. कॉइल घासत असेल तर बोटांना खरखर कळते, चौघांतही नव्हती. मग पिशवीतून नऊ व्होल्टची बॅटरी काढली. कॅबला लावलेल्या केबलचं दुसरं टोक हातात धरलं, प्लगच्या टोकाला बॅटरीचं धन आणि त्यामागच्या धातूच्या बाहीला ऋण क्षणभर टेकवलं. टप्. तीन कोन पुढे आले. खालचा उजवा मागे गेला.

"हा बदललाय का कधी?"

"हो, चार वर्षं झाली. जळला होता, मीच बसवला."

दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. बारीक सुरांना फारसा फरक पडत नाही, त्यांच्या लाटा आखूड असतात. खर्जाच्या लाटेपुढे मात्र चारही कोन एकाच जागी असल्यासारखे. तीन हवा ढकलतात, चौथा ओढतो, हाती उरतात दोन. चाराचे दोन झाले म्हणजे दाब निम्मा, म्हणजे ६ डेसिबल कमी. आणि ६ डेसिबल भरून काढायला चौपट वॉट लागतात. हा ढोबळ हिशेब मी त्याच्यासमोरच बोटांवर केला.

तो बराच वेळ त्या खालच्या स्पीकरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझं आधीचं हेड अडीचशे वॉटचं होतं. बेस पुरत नाही म्हणून विकलं."