दमल्यावर किती उरतं?

२९ सप्टेंबर २०२४. झुरिकमध्ये रोड सायकलिंगच्या जागतिक अजिंक्यपदाची पुरुषांची शर्यत चालू होती, जवळजवळ २७४ किलोमीटरची. शंभर किलोमीटर बाकी असताना स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने घोळक्यातून मुसंडी मारली. इतक्या लवकर कुणी निघत नाही. घोळक्यातला माणूस पुढच्याच्या आडोशाला बसून ताकद वाचवतो. एकदा बाहेर पडलं की सगळा वारा आपल्याच छातीवर. शेवटचे ५१ किलोमीटर तर तो अगदी एकटा होता. तरी ३४ सेकंदांनी जिंकला, आणि नंतर स्वतःच म्हणाला की हा कदाचित मूर्खपणाच होता.

त्या वर्षाचा त्याचा हिशेब असा: ५८ दिवस शर्यतीत, २५ विजय. मे महिन्यात इटलीतली जिरो द इटालिया, जुलैमध्ये फ्रान्समधली टूर द फ्रान्स, या टप्प्याटप्प्याने तीन आठवडे चालणाऱ्या शर्यती. दोन्हींत प्रत्येकी सहा टप्पे आणि एकूण विजेतेपद. सप्टेंबरात जागतिक अजिंक्यपद. ही तीन एकाच वर्षी जिंकणारे पुरुष त्याआधी दोनच: १९७४ मध्ये एडी मेर्क्स आणि १९८७ मध्ये स्टीफन रोश.

असा हंगाम पाहिला की आपण लगेच हृदय केवढं, फुप्फुसं केवढी, हे विचारतो. मला तो प्रश्न थोडा चुकीचा वाटतो. प्रयोगशाळेत ताज्या पायांनी चाचणी घेतली तर वरच्या फळीतले बरेच सायकलपटू एकमेकांच्या जवळपासच येतात. फरक दिसतो तो चार-पाच तास दामटल्यानंतर. कुणाची ताकद तोवर बरीच उतरलेली असते, कुणाची थोडीच. अलीकडे क्रीडाविज्ञानात या टिकाऊपणावर बरंच काम चाललं आहे, आणि पोगाचारचा २०२४ चा हंगाम हे त्याचं उत्तम उदाहरण.

१४ जुलैचा टूरचा टप्पा घ्या. पिरेनीज पर्वतातले घाटामागून घाट, सुमारे १९८ किलोमीटर, पाच तासांहून जास्त, आणि शेवटी प्लातो द बेयचा चढ: १५.८ किलोमीटर, सरासरी ७.९ टक्के. तो त्याने सुमारे ४० मिनिटांत चढला. याचं गणित घरीही करता येतं. चढाची उंची साधारण १,२५० मीटर. माणूस ६६ किलोचा. सायकल, बूट, बाटली धरून ७५. एवढं वजन तितकं वर उचलायला सव्वानऊ लाख ज्यूल लागतात. चाळीस मिनिटांच्या सेकंदांनी भागलं की ३८० वॅट. वारा आणि टायरचं घर्षण मिळवलं की साडेचारशेच्या आसपास, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे पावणेसात-सात वॅट. (हा आकडा माझ्या पाटीवरचा आहे, त्याच्या सायकलवरच्या ताकद मोजणाऱ्या मीटरवरचा नाही.) नियमित सायकल चालवणाऱ्या हौशी माणसाने तेवढा वेळ किलोमागे तीन वॅट टिकवले तरी त्याची पाठ थोपटावी. आणि हे सगळं पाच तासांच्या मेहनतीच्या शेवटी!

मग ही ताकद उरते कशी? उत्तराचा मोठा भाग पायांत नसून आतड्यात आहे.

स्नायूंत आणि यकृतात मिळून पाचेकशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते. म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. आपलं शरीर खाल्लेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. त्यामुळे एक सोयीचा योगायोग घडतो: मीटरवर जितके किलोज्यूल काम दिसतं, साधारण तितक्याच कॅलरी शरीराने जाळलेल्या असतात. पाच तास सरासरी २५० वॅट म्हणजे साडेचार हजार कॅलरी. साठा त्याच्या निम्मासुद्धा नाही. चरबी मदत करते, पण तिची गती संथ. ऐन चढावर साखरच लागते. १९८० च्या दशकात डच शास्त्रज्ञांनी टूरमधल्या सायकलपटूंचा खर्च मोजला तेव्हा तो दिवसाला सहा हजार कॅलरींच्या घरात निघाला, आणि हे तीन आठवडे रोज.

म्हणजे चालत्या सायकलवर खायला हवं. अडचण अशी की आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत घेणारं दार तासाला साठेक ग्रॅमपलीकडे फारसं सोडत नाही. जास्त ओतलं तर पोटात डुचमळत राहतं. मात्र फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे. दोन्ही साखरा एकत्र दिल्या की दोन्ही दारं एकदम चालतात, आणि आज व्यावसायिक संघ तासाला १२० ग्रॅमपर्यंत जातात. चमच्यांत मोजलं तर पंचवीसेक चमचे साखर, दर तासाला. आपली साधी साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजच्याच जोडीची बनलेली असते, गुळातही मुख्यतः तीच. तेव्हा उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देणाऱ्या आजीचं रसायनशास्त्र अगदीच काही कच्चं नव्हतं. फक्त इतकं पचवायला आतड्याला महिनोन्‌महिने सवय लावावी लागते, पायांना लावतात तशीच.

हे दार बंद झालं की काय होतं, तेही पोगाचारने अनुभवलं आहे. एप्रिल २०२३ मध्ये बेल्जियममधल्या लिएज-बास्तोन-लिएज या एकदिवसीय शर्यतीत पडून त्याचं मनगट मोडलं, सराव बुडाला. त्या वर्षीच्या टूरमध्ये कोल द ला लोझच्या चढावर तो असा ढेपाळला की डेन्मार्कच्या योनास विंगेगोरने एकाच दिवसात त्याला पावणेसहा मिनिटांनी मागे टाकलं. भरपूर खाल्लं, पण सगळं पोटातच राहिलं, पायांत काही उतरलंच नाही, असं त्याचं नंतरचं म्हणणं.

२०२४ मध्ये बदल बरेच झाले. प्रशिक्षक नवा आला, पेडलच्या दांड्या १६५ मिलिमीटरच्या, म्हणजे आखूड झाल्या. त्या दांड्यांवर चर्चा फार झाली. मला महत्त्वाचा वाटतो तो शर्यतीविना कोऱ्या सोडलेल्या दिवसांचा बदल. हंगामाची पहिली शर्यत थेट २ मार्चला. जिरो आणि टूर यांच्यामध्ये ३४ दिवस, त्यात एकही शर्यत नाही. फ्रान्सच्या आल्प्समधल्या इझोला २००० या ठिकाणी उंचावर सराव, जिथे हवा विरळ म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं. टूरनंतर ऑलिम्पिकही सोडलं. बरेच व्यावसायिक वर्षाला सत्तर-ऐंशी दिवस शर्यतीत असतात.

शंकेचा विषय टाळून चालणार नाही. प्लातो द बेयवर मोडला तो इटलीच्या मार्को पांतानीचा १९९८ चा वेळ, तोही तीन मिनिटांहून जास्त फरकाने, आणि पांतानीचा काळ उत्तेजकांनी बरबटलेला. २०२४ च्या त्याच टूरमध्ये काही संघ कार्बन मोनॉक्साइड वापरतात अशी बातमी आली. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो, म्हणून अगदी थोडा हुंगवून रक्तातलं हिमोग्लोबिन मोजता येतं. पोगाचारने अशी चाचणी केल्याचं मान्य केलं. पण वारंवार हुंगला तर शरीराला उंचीवर असल्याचा भास होऊन हिमोग्लोबिन वाढू शकतं. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने फेब्रुवारी २०२५ पासून असा वारंवार वापर बंद केला. पोगाचारविरुद्ध कुठलीही चाचणी दोषी आलेली नाही. पांतानीपेक्षा आजच्या सायकली, टायर, कपडे आणि खाणं खूप पुढे गेलंय, हेही खरं. त्या दिवशी दुसऱ्या आलेल्या विंगेगोरनेही पांतानीचा वेळ मोडलाच होता.

आता टिकाऊपणाकडे परत. १२ ऑक्टोबरला इटलीतली एकदिवसीय इल लोम्बार्दिया, पोगाचारच्या हंगामातली शेवटची शर्यत. आठव्या महिन्यात पाय थकायला हवेत. कोमो या शेवटच्या ठिकाणापासून ४८ किलोमीटर आधी तो पुन्हा एकटा निघाला. झुरिकमध्ये अंतर होतं ३४ सेकंदांचं. इथे सव्वातीन मिनिटांचं.