क्वेसारच्या वर्णपटातील रेषा: कोणती क्वेसारची, कोणती वाटेतल्या वायूची?

विज्ञान दिनाला विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतून जी भित्तिपत्रके तपासायला येतात, त्यांतल्या खगोलशास्त्राच्या पत्रकावर ‘क्वेसारमध्ये मॅग्नेशियम सापडले’ अशा थाटाचे वाक्य हमखास असते. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचे अतिशय तेजस्वी केंद्र. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या हेच छापतात, स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत तेच उतरते आणि अभ्यासिकेतली मुले तेच घोकतात. उत्सर्जन रेषा (वायू स्वतः प्रकाशतो तेव्हाच्या) आणि शोषण रेषा (वायू मागून येणारा प्रकाश गिळतो तेव्हाच्या) यांची ही सरमिसळ आता थांबायला हवी.

उत्सर्जन रेषांबद्दल फार सांगण्याची गरज नाही. ज्योतीत मीठ धरले की सोडियमचा पिवळा प्रकाश दिसतो, हे अकरावीच्या मुलालाही ठाऊक असते. क्वेसारच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळचा वायूही असाच ठरावीक तरंगलांबींवर प्रकाशतो. मार्टिन श्मिट यांनी १९६३ मध्ये ३सी २७३ या क्वेसारची ताम्रसृती ०.१५८ ठरवली, ती हायड्रोजनच्या अशाच रुंद रेषा ओळखून. ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप: तरंगलांबी एक अधिक ताम्रसृती इतक्या पट होते, आणि वस्तू जितकी दूर तितकी ताम्रसृती मोठी. तरंगलांबीनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखात उत्सर्जन म्हणजे शिखर आणि शोषण म्हणजे खाच, हा फरक डोळ्यांना दिसतोच. त्यावर पानभर मजकूर खर्च करणारी पुस्तके मला निरर्थक वाटतात.

खरा घोळ होतो तो रेषा कोणाच्या मालकीची, या प्रश्नावर. डिसेंबरात तुरीच्या वावरांवर धुवारी उतरली की दूरवरून येणाऱ्या एसटीचे दिवे मंद दिसतात. पण धुवारी दिव्यात नसते, दिवा आणि आपण यांच्या मधल्या वावरात असते. फरक एवढाच, की धुवारी सगळेच रंग मंद करते, तर वायू आपल्या नेमक्या तरंगलांबीचाच प्रकाश गिळतो. ताम्रसृती ३ असलेला एक क्वेसार घ्या. हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा मुळात १२१.६ नॅनोमीटरवर असते; ती चौपट ताणली जाऊन आपल्याला ४८६ नॅनोमीटरच्या आसपास शिखर म्हणून दिसते. वाटेत ताम्रसृती २.५ वर वायूचा ढग असेल, तर त्याची खाच ४२५ वर पडते, आणि ताम्रसृती २ वर असेल तर ३६५ वर. असे असंख्य ढग असल्यामुळे शिखराच्या निळ्या, म्हणजे कमी तरंगलांबीच्या बाजूला खाचांची जी दाटी होते, तिला लायमन-अल्फा अरण्य म्हणतात. त्याच वर्णपटात ५५९.३ आणि ५६०.७ नॅनोमीटरवर जुळ्या खाचा दिसल्या, तर त्या मॅग्नेशियमच्या २७९.६४ आणि २८०.३५ या जोडीच्या असू शकतात; जोडीचे गुणोत्तर कोणत्याही ताम्रसृतीला तेच राहते, म्हणून ती ओळखू येते. दिसलेल्या तरंगलांबीला मूळ तरंगलांबीने भागले की उत्तर २; त्यातून एक वजा केला की ताम्रसृती १. हे मॅग्नेशियम क्वेसारमधले मुळीच नाही, वाटेतल्या एखाद्या दीर्घिकेच्या परिसरातले आहे. म्हणून वर्णपटाखाली एकच ताम्रसृती लिहून मोकळे होणे मला मान्य नाही. प्रत्येक खाचसमूहापुढे त्याची स्वतःची ताम्रसृती लिहिलीच पाहिजे. क्वेसारने स्वतःच बाहेर फेकलेला वायूही काही वेळा सेकंदाला हजारो किलोमीटरच्या वेगामुळे रुंद खाचा पाडतो, हा अपवाद. पण अपवादाला नियम समजू नये.

या भेदामुळेच शोषणाची पद्धत इतकी उपयोगी ठरते. दीर्घिकेचा स्वतःचा प्रकाश अंतराबरोबर क्षीण होत जातो, पण खाच दिसणे अवलंबून असते ते मागच्या क्वेसारच्या तेजावर. त्यामुळे जी दीर्घिका दुर्बिणीत धड दिसतही नाही, तिच्यातला वायू मोजता येतो. जिथे दृष्टिरेषेत दर चौरस सेंटिमीटरला २ × १०²० पेक्षा अधिक उदासीन हायड्रोजन अणू असतात, तिथली खाच इतकी रुंद होते की ती लपत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील आर. श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी २००० साली अशाच वाटेतल्या वायूवरून, ताम्रसृती २.३४ च्या काळात वैश्विक पार्श्वप्रारणाचे (महास्फोटानंतर उरलेल्या, सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाचे) तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान होते, हे दाखवले. आज ते २.७ केल्विन आहे. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओ रेषाही याच रीतीने शोधली जाते.

मात्र शोषण आपल्याला एकच दृष्टिरेषा देते. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दीर्घिका किती पसरली आहे आणि तिच्यात एकूण वायू किती, हे एका खाचेवरून सांगता येत नाही; त्यासाठी पुष्कळ क्वेसारांच्या दृष्टिरेषा जमवून सरासरी काढावी लागते.